दाराखालचे दोन सूत

घराच्या आतल्या दाराखाली जी अरुंद मोकळी जागा ठेवावी लागते, तिचे माप सुतार आजही सुतांत सांगतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे 3 मिलिमीटर, आणि दोन सूत म्हणजे 6 मिलिमीटरच्या आसपास. दाराचे दोन भाग असतात: भिंतीत पक्की बसवलेली चौकट आणि बिजागऱ्यांवर फिरणारे कवाड. कवाडाची खालची कड आणि जमीन यांच्यामधल्या या दोन सुतांत दोन न जुळणाऱ्या स्वभावांची गाठ पडते, कारण खालचे काँक्रीट आकाराने जवळजवळ स्थिर असले तरी महिनोन्महिने पाणी सोडत राहते, आणि वरचे लाकूड तेच पाणी शोषून पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. दार फरशीला घासणे, बंद दाराखालून आवाज आणि उजेड येणे, चौकटीचे पाय कुजणे या सगळ्या तक्रारी दिसतात जमिनीलगत. पण त्यांचे मूळ बहुतेक वेळा वरच्या बिजागरीत, चौकटीच्या ओळंब्यात किंवा गवंडी आणि सुतार यांच्या कामांच्या क्रमात असते. म्हणूनच दाराखाली पट्टी चिकटवून फट बुजवणे हे या साऱ्या प्रकरणातले शेवटचे काम ठरते, जरी घरमालकाला सुचते ते पहिल्यांदा तेच.

जुन्या वाड्यांत हा प्रश्न या स्वरूपात उभाच राहत नव्हता, कारण तिथे बाहेरच्या दाराप्रमाणेच माजघर, देवघर, कोठीची खोली यांच्या दारांनाही उंबरठा असे. संस्कृतातल्या ‘उदुंबर’ या शब्दाला उंबराचे झाड आणि दाराचे खालचे आडवे लाकूड असे दोन्ही अर्थ आहेत, यावरून या वस्तूचे वय ध्यानात यावे. उंबरठा एकाच वेळी तीन कामे करी: चौकटीचे दोन पाय खालून बांधून ठेवी, त्यामुळे ते आत किंवा बाहेर सरकत नसत, कवाड बंद झाले की ते त्याला टेकून थांबे आणि खालची फट आपोआप झाकली जाई, शिवाय एका खोलीत सांडलेले पाणी, धूळ आणि सरपटणारे जीव दुसऱ्या खोलीत जाऊ देत नसे. शेणाने सारवलेल्या किंवा चुन्याच्या कोब्याच्या जमिनीला थोडा उंचसखलपणा असला तरी कवाड जमिनीपासून दोन बोटे वरच फिरत असल्याने त्याचे काही बिघडत नसे. काँक्रीटच्या इमारती आल्या, सगळ्या घराला एकसलग फरशी घालण्याची पद्धत रूढ झाली, केर काढायला, चाकांची खुर्ची किंवा पाळणा फिरवायला आणि म्हाताऱ्या माणसांच्या पायांना उंबरठा अडथळा ठरू लागला, आणि तो आतल्या दारांतून निघून गेला. मुख्य दाराशी तो रांगोळीपुरता आणि हळदकुंकवापुरता टिकला, न्हाणीघराच्या दाराशी दगडाच्या पट्टीच्या रूपाने टिकला. बाकीच्या खोल्यांमध्ये त्याची तिन्ही कामे वेगवेगळ्या वस्तूंवर आणि वेगवेगळ्या कारागिरांवर वाटली गेली. त्यांतले कोणते काम कोणी करायचे हे फारसे कोणी ठरवत नाही, हीच आजच्या दारांची अडचण आहे.

पहिले काम पाय बांधून ठेवण्याचे. उंबरठा नसलेली चौकट तीन बाजूंची असते, म्हणजे दोन उभे पाय आणि वरची आडवी पट्टी. हे पाय खाली मोकळे असल्याने वाहतुकीत, भिंत रचताना किंवा मागे गिलावा ठासताना ते सहज आत दबतात. जाणता सुतार म्हणून दोन पायांच्या मध्ये तळाशी वरच्या रुंदीच्याच मापाची एक तात्पुरती फळी ठोकून ठेवतो आणि गिलावा वाळेपर्यंत ती काढू देत नाही. भिंतीला चौकट धरून ठेवण्यासाठी होल्डफास्ट वापरतात. ही लोखंडाची पट्टी एका टोकाला चौकटीला स्क्रूने जोडलेली असते आणि दुसरे, फाटे केलेले टोक विटांच्या बांधकामात काँक्रीटमध्ये गाडलेले असते. प्रत्येक पायाला असे तीन होल्डफास्ट लावण्याचा प्रघात आहे. चौकटीची एक बाजू काँक्रीटच्या खांबाला लागून असेल तर तिथे होल्डफास्ट गाडता येत नाही. मग हॅमर ड्रिलने भोक पाडून धातूचे फास्टनर घालावे लागतात, आणि अशा ठिकाणी प्लास्टिकच्या गिट्टीत लहान स्क्रू पिळून वेळ मारून नेली, की दाराच्या रोजच्या आदळआपटीने ती गिट्टी दोन-तीन वर्षांत ढिली होते. अलीकडे चौकट आणि भिंत यांच्यामधली पोकळी फुगणाऱ्या फोमने भरतात. हा फोम बाहेर पडल्यावर आकारमानाने कितीतरी वाढतो, आणि मध्ये आधाराच्या फळ्या न लावता तो मारला तर चौकटीचे पाय आतल्या बाजूला धनुष्यासारखे वाकवतो. मग दार अडते आणि दोष मात्र लाकडाला दिला जातो.

चौकट ओळंब्यात असणे, म्हणजे दोन्ही दिशांनी बिनचूक उभी असणे, याचा दाराखालच्या फटीशी थेट संबंध आहे, आणि तो साध्या हिशेबाने कळतो. बिजागऱ्यांच्या बाजूचा पाय 2 मीटर उंचीत 5 मिलिमीटर एवढाच, दार ज्या खोलीत उघडते त्या खोलीकडे झुकलेला असेल, तर सुमारे 870 मिलिमीटर रुंदीचे कवाड काटकोनात उघडल्यावर त्याचा मोकळा कोपरा बंद स्थितीपेक्षा 2 मिलिमीटरहून थोडा अधिक खाली येतो. बंद असताना फट समान दिसते, उघडताना मात्र दार अर्ध्यावर घासते, शिवाय हात सोडला की आपोआप उघडत जाते. चौकटीला ओळंबा दोन बाजूंनी लावायचा असतो तो यासाठी. भिंतीच्या दर्शनी बाजूने एकदाच लावून काम भागत नाही.

त्यानंतर येतो जमिनीच्या पातळीचा प्रश्न, आणि इथे दोन कारागिरांच्या कामांतला काळाचा फरक आड येतो. चौकट उभी राहते तेव्हा खाली फक्त काँक्रीटचा उघडा स्लॅब असतो. त्यावर पुढे मसाल्याचा थर आणि फरशी मिळून दोन इंचांची किंवा त्याहून अधिक उंची चढणार असते, आणि ती नेमकी किती चढेल हे त्या दिवशी नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने, किंवा आता लेसरच्या यंत्राने, सगळ्या घराच्या भिंतींवर एकाच पातळीची रेघ मारून घेणे, साधारणतः तयार फरशीपासून 1 मीटर उंचीवर, आणि गवंडी, फरशीवाला व सुतार या तिघांनीही आपली मापे त्या एकाच रेघेवरून घेणे. पाणी खोटे बोलत नाही, स्लॅब बोलतो. चांगल्या बांधलेल्या इमारतीतही एका खोलीचा स्लॅब दोन टोकांना सेंटिमीटरभर खालीवर असू शकतो. रेघ नसेल तर चौकटीची उंची स्लॅबवरून मोजली जाते, फरशी जिथे जाईल तिथे जाते, आणि हा सगळा फरक शेवटी कवाडाचा तळ कापून भागवला जातो.

पूर्वी चौकटीचे पाय फरशीच्या थरात दीड-दोन इंच गाडून टाकत, म्हणजे ते हलत नसत. हा उपाय बळकटीला चांगला आणि लाकडाला घातक होता. त्याचे कारण लाकडाच्या रचनेत आहे. झाडाच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात आणि फळीच्या लांबीच्या दिशेने त्या तशाच राहतात. म्हणून लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकातून पाणी जितके भराभर आत शिरते, तितके बाजूंच्या पृष्ठभागातून शिरत नाही. चौकटीच्या पायाचे तळटोक हे नेमके असेच टोक असते. ते काँक्रीटला किंवा ओल्या मसाल्याला भिडले की केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याची वात ज्या गुणाने तेल वर ओढते त्याच गुणाने, ओल वर चढत राहते. त्यात मराठी घरांत फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, म्हणजे वर्षातून साडेतीनशे वेळा त्या पायाला पाणी लागते. वाळवीलाही हीच वाट सोयीची असते; पाय आणि जमीन यांच्या सांध्यातून ती चौकटीच्या आतल्या बाजूने वर चढते आणि बाहेरून रंगाचे कवच शाबूत दिसत असताना आतले लाकूड पोखरून टाकते.

म्हणून पाय तयार फरशीच्या सूतभर वर संपवावा, त्याच्या तळटोकाला प्रायमरचे किंवा इपॉक्सीचे दोन-तीन हात उभे करण्याआधीच द्यावेत, आणि खाली राहिलेली बारीक फट लवचीक सीलंटने, म्हणजे सुकल्यावरही रबरासारखे राहणाऱ्या भरणाने बंद करावी, ही पद्धत आता अधिक मानली जाते. चौकटीचा जो पृष्ठभाग भिंतीला टेकणार असतो त्याला डांबर फासण्याची जुनी रीतही ओल अडवण्यासाठीच होती, आणि ती आजही निरुपयोगी झालेली नाही.

काँक्रीटच्या ओलीबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. वरून कोरडा आणि पांढुरका दिसणारा स्लॅब वाळला असे समजले जाते, पण घट्ट होणे आणि वाळणे या काँक्रीटच्या बाबतीत दोन वेगळ्या क्रिया आहेत. सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग होऊन घट्ट होते. त्यासाठी पाणी टिकवावे लागते, आणि भारतीय मानक आयएस 456 यात साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी किमान 7 दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान 10 दिवस पाणी मारत राहण्यास सांगितले आहे. काँक्रीटची ताकद 28व्या दिवशी तपासतात हे बहुतेकांना माहीत असते. पण संयोगातून उरलेले पाणी बाहेर पडायला त्याहून पुष्कळ वेळ लागतो, आणि ढोबळ अंदाज म्हणून दर इंच जाडीला महिनाभर धरतात. म्हणजे पाच इंची स्लॅब, तोही दमट हवेत, पाच महिन्यांनंतरही आतून पाणी सोडत असणे शक्य आहे. ही ओल ओळखायची एक सोपी चाचणी आहे: सुमारे दीड फूट लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा उघड्या काँक्रीटवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करून किमान 16 तास ठेवायचा, काढताना त्याच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद पडले असेल, तर कवाडे अजून आणवू नयेत. नव्या इमारतीत ताबा देण्याच्या घाईत गिलावा, फरशी आणि दारे यांची कामे एकाच महिन्यात उरकली जातात. मग कवाड त्या ओल्या हवेत फुगते, फुगलेल्या मापावर रंधा मारून ते बसवले जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही उभ्या कडांशी रुंद फटी दिसू लागतात.

लाकूड किती फुगते, याचे उत्तर ते कोणत्या दिशेने मोजले यावर अवलंबून असते. हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा त्या तापमानाला जेवढी वाफ धरू शकते तिच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे याचे माप, मुंबईत पावसाळ्यात 80 टक्क्यांच्या वर राहते, तर नागपुरात उन्हाळ्याच्या दुपारी ते अनेकदा 25 टक्क्यांच्या खाली उतरते. लाकूड आसपासच्या हवेशी ओलीचा समतोल साधत असते: 65 टक्के आर्द्रतेत त्याच्यात वजनाच्या सुमारे 12 टक्के पाणी राहते, 85 टक्क्यांत ते 17-18 टक्क्यांपर्यंत जाते आणि 30 टक्क्यांत 6 टक्क्यांवर येते. साग हे या बाबतीत सर्वांत शांत लाकडांपैकी एक आहे, आणि आलापल्ली-बल्लारपूरकडच्या सागाची ख्याती त्याच्या रंगाइतकीच या स्थिरपणामुळे आहे. तरीही समजा सागाच्या उभ्या फळ्या जोडून 750 मिलिमीटर रुंदीचे कवाड केले आणि त्याच्यातली ओल ऋतुमानाने 6 टक्क्यांनी बदलली, तर फळी खोडातून कशी कापली आहे त्यानुसार त्याची रुंदी 5 ते 9 मिलिमीटरनी बदलेल. दिलाहेदार कवाडाचा, म्हणजे भोवती जाड पट्ट्यांची चौकड आणि मध्ये पातळ तक्ते असलेल्या कवाडाचा, शोध याच अडचणीतून निघाला आहे. त्यातले मधले तक्ते खाचेत मोकळे बसवलेले असतात, ते आतल्या आत फुगतात व आकसतात, आणि कवाडाच्या एकूण रुंदीत फरक पडतो तो फक्त दोन उभ्या पट्ट्यांचा, म्हणजे एक ते अडीच मिलिमीटरचा. फ्लश दरवाजात, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट असलेल्या कवाडात, हेच काम थरांना आडवेउभे चिकटवून साधलेले असते. एका थराचा फुगवटा दुसरा थर अडवतो.

या सगळ्यात लांबीच्या दिशेने मात्र लाकूड जवळजवळ बदलतच नाही. कवाडाच्या उभ्या पट्ट्यांचे तंतू उभे असल्याने 2100 मिलिमीटर उंचीचे कवाड भर पावसाळ्यातही उंचीने एक मिलिमीटरभर वाढत नाही. तेव्हा पावसाळ्यात दार चौकटीच्या उभ्या कडेला अडले तर ते फुगले असे म्हणता येईल. पण ते खाली फरशीला घासू लागले असेल, तर फुगवट्याचे कारण बहुधा खोटे आहे. तळाचे थर पाणी लागून सुटले नसतील, तर असे कवाड झुकलेले असते. आणि झुकलेल्या कवाडाचा तळ रंध्याने किंवा करवतीने कमी करणे म्हणजे ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर बदलण्यासारखे आहे.

कवाड झुकते ते वरच्या बिजागरीमुळे. 35 मिलिमीटर जाडीचे भरीव फ्लश कवाड साधारण 36 किलो वजनाचे असते. हे वजन बिजागऱ्यांपासून कवाडाच्या अर्ध्या रुंदीवर, म्हणजे सुमारे 435 मिलिमीटर अंतरावर एकवटले आहे असे धरले आणि वरच्या व खालच्या बिजागऱ्यांत 1600 मिलिमीटर अंतर असले, तर वरची बिजागरी चौकटीपासून सुमारे 10 किलोच्या जोराने सतत बाहेर ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. हा ओढा दिवसरात्र असतो, दार वापरा किंवा न वापरा. त्यात दाराच्या मागच्या खुंट्यांवर ओले टॉवेल, पिशव्या, पावसाळ्यात रेनकोट असा संसार लटकलेला असतो आणि लहान मुले मुठीला धरून झोका घेतात. वरच्या बिजागरीचे स्क्रू 2 मिलिमीटर बाहेर आले की मोकळा खालचा कोपरा 1 मिलिमीटरहून जास्त खाली येतो. 6 मिलिमीटर आले की ठेवलेल्या दोन सुतांच्या फटीतले एक सूत संपते. घाईत स्क्रू पेचकसाने पिळण्याऐवजी हातोडीने ठोकून बसवले जातात, आणि ठोकलेल्या स्क्रूने लाकडाचे तंतू फाडलेले असल्याने त्याची पकड सुरुवातीपासूनच अर्धी असते. अशा ढिल्या झालेल्या भोकात सागाची चिमुकली पाचर गोंद लावून ठोकावी, ती वाळल्यावर बारीक भोक पाडून अधिक लांबीचा स्क्रू पिळावा. बहुतेक घासणारी दारे एवढ्यानेच वर उचलली जातात. 7 फूट उंचीच्या भरीव कवाडाला दोन बिजागऱ्यांवर भागवण्याची काटकसर कुठेच परवडत नाही, तीन हव्यातच. आणि तिसरी नेमकी मध्यभागी लावण्याऐवजी वरच्या बिजागरीच्या जवळ सरकवली तर ओढ्याचा भार ती अधिक वाटून घेते.

कवाड टांगताना बाजूंनी आणि वर सुमारे एक सूत फट ठेवतात. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून ती मोजता येते. खालची फट मात्र अशी एका जागी मोजून भागत नाही. कवाड बंद असताना त्याच्याखाली फरशीची जी रेघ येते, तिच्यापेक्षा ते उघडताना ज्या अर्धवर्तुळावरून फिरते तिथली फरशी उंच असू शकते, आणि फट ठरवायची ती त्या वाटेवरच्या सर्वांत उंच बिंदूवरून. यासाठी कवाडाच्या रुंदीची एक सरळ काठी बिजागरीच्या कोपऱ्यात टेकवून, पाणसळीने आडवी धरून, फरशीवरून फिरवून पाहण्याचा उपाय सुतार करतात. खोलीत पुढे सतरंजी किंवा गालिचा येणार असेल तर त्याची जाडी आधीच धरावी लागते. फरशी फारच चढती असेल तर दार उघडताना त्याला किंचित वर उचलणारी, तिरप्या घडीची बिजागरी मिळते. मात्र ती बसवली तर कवाडाची वरची कड बिजागरीच्या कोपऱ्यात थोडी उतरती तासावी लागते, नाहीतर वर उठलेले कवाड चौकटीच्या आडव्या पट्टीला अडते.

एवढे झाल्यावर फट बुजवण्याचा विचार करता येतो, आणि त्यात पहिला प्रश्न हा की नेमके काय अडवायचे आहे. झुरळ आणि धूळ, वातानुकूलित खोलीतली थंड हवा, शेजारच्या खोलीतला आवाज आणि ओल, या चारांना एकच पट्टी पुरत नाही. थंड हवा जड असल्याने ती खालच्या फटीतूनच बाहेर वाहते, तेव्हा तिच्यासाठी साधा अडसरही बराच उपयोगी पडतो. उंदराचे पिल्लू 6 मिलिमीटरच्या भोकातून आत येऊ शकते, म्हणजे दोन सुतांची फट त्याच्या दृष्टीने उघडे दारच आहे. आवाजाचा हिशेब सर्वांत कठोर. 900 मिलिमीटर रुंद दाराखाली 10 मिलिमीटर फट असेल तर तिचे क्षेत्रफळ 9000 चौरस मिलिमीटर भरते. भिंतीत साडेनऊ सेंटिमीटर लांबीरुंदीचे चौकोनी भोक पाडले तर जेवढे होईल तेवढे. दाराच्या एकूण क्षेत्रफळाच्या अर्ध्या टक्क्याएवढ्या या फटीतून आवाज अडथळ्याविना जातो, आणि त्यामुळे कवाड कितीही जड आणि महाग असले तरी ते सगळे मिळून सुमारे 23 डेसिबलहून अधिक आवाज अडवू शकत नाही. अभ्यासाच्या खोलीसाठी जाड कवाडावर पैसे घालून खालची फट तशीच सोडणाऱ्याने हा आकडा आधी पाहावा.

बाजारात मिळणाऱ्या पट्ट्यांत सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे कवाडाच्या दोन्ही बाजूंना येणाऱ्या फोमच्या दोन नळ्या, कापडी खोळीत घालून दाराखाली सरकवलेल्या. त्या गुळगुळीत फरशीवर ठीक चालतात, ओल्या फरशीवर मळकट होतात आणि कोब्यावर वर्षभरात फाटतात. ॲल्युमिनियमच्या पट्टीत रबराची किंवा सिलिकॉनची जीभ बसवलेला दुसरा प्रकार स्क्रूने कवाडाच्या दर्शनी बाजूला लावतात. जीभ फरशीला जेमतेम टेकली पाहिजे, दाबून बसवली की ती दुमडून कायमची वाकडी होते. जमीन खडबडीत असेल, जुन्या चाळीतला सिमेंटचा कोबा किंवा पॉलिश न केलेली शहाबादी असेल, तर रबरापेक्षा दाट केसांची ब्रशपट्टी बरी, कारण तिचे केस वेगवेगळ्या उंचीवर वाकून उंचसखल भरून काढतात. आवाज मात्र ती फारसा अडवत नाही. उत्तम, आणि अर्थातच महाग, तो प्रकार कवाडाच्या तळात खोबण पाडून आत बसवतात. त्याच्या बिजागरीकडच्या टोकाला एक छोटा दांडा बाहेर आलेला असतो. दार बंद होताना तो चौकटीवर दाबला जातो आणि आतल्या स्प्रिंगच्या रचनेमुळे रबराची पट्टी खाली उतरून फरशीला टेकते, दार उघडू लागताच ती पुन्हा वर जाते, म्हणून घासत नाही. फरशीच्या दोन तुकड्यांमधला सांधा नेमका दाराखाली येत असेल आणि तो खोल असेल, तर कोणतीच पट्टी तिथे पूर्ण टेकत नाही. तो सांधा आधी भरून सपाट करावा लागतो. पट्टी फक्त खाली लावून बाजूंच्या आणि वरच्या फटी उघड्या ठेवल्या तर आवाजाच्या दृष्टीने खर्च जवळजवळ वाया जातो. चौकटीच्या ज्या खाचेत कवाड टेकते तिथेही रबराची पातळ गोट लावावी लागते.

काही दारांखालची फट मात्र बुजवू नये. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर तिथली हवा खेळती राहणे हा जिवाचा प्रश्न आहे. बंद जागेत प्राणवायू कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू तयार होतो, ज्याने स्नानाला गेलेली माणसे दगावल्याच्या घटना राज्यात घडत आल्या आहेत. असा गीझर न्हाणीघराबाहेरच असावा, आणि आत असेल तोवर दाराखाली काहीही लावू नये. स्वयंपाकघरातला सिलिंडरचा गॅस हवेहून जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो, म्हणून तिथे खाली हवा जायला वाट असावीच लागते. न्हाणीघरातला बाहेर हवा फेकणारा पंखासुद्धा दाराखालून हवा आली तरच काम करतो. ब्रिटनच्या इमारत नियमांच्या मार्गदर्शिकेत तर 760 मिलिमीटर रुंदीच्या आतल्या दाराखाली तयार जमिनीपासून 10 मिलिमीटर फट मुद्दाम ठेवायला सांगितले आहे, म्हणजे 7600 चौरस मिलिमीटरची हवेची वाट.

न्हाणीघराच्या दाराचे गणित आणखी एका कारणाने निराळे असते. तिथे फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा थोडी खाली ठेवून मध्ये ग्रॅनाइटची किंवा संगमरवराची पट्टी बसवतात, आणि चौकटही हल्ली अनेकदा चारही बाजूंनी दगडाची करतात. हा उंबरठाच आहे, फक्त नाव बदलून परत आलेला. इथे लाकडाच्या कवाडापेक्षा पीव्हीसी, फायबर किंवा लाकडाचा भुसा व प्लास्टिक यांच्या मिश्रणाचे कवाड टिकाऊ ठरते. फ्लश कवाडच हवे असेल तर त्याचा चिकटवा जलरोधक आहे याची खात्री करावी, कारण साध्या चिकटव्याच्या कवाडाचे तळाचे थर दोन पावसाळ्यांत फुलासारखे उमलतात. दगडाची चौकट आणि भिंत यांच्यातला सांधा भरताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळावे. त्यातले आम्ल संगमरवरावर आणि सिमेंटवर डाग पाडते आणि त्याची पकडही सुटते, म्हणून तिथे तटस्थ प्रकारचे सिलिकॉन मागून घ्यावे लागते. लाकडी चौकटीभोवतीच्या, रंग द्यायच्या फटीत ॲक्रिलिकचा भरणा वापरतात, कारण सिलिकॉनवर रंग धरत नाही.

राहते ते जुन्या घरांतले काम, ज्यात आज सर्वाधिक दारे खराब होतात. जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी चिकटवण्याची पद्धत आली आहे. 8 ते 10 मिलिमीटरची फरशी आणि खालचा चिकटवा धरून जमीन 12 ते 15 मिलिमीटर वर येते आणि घरातली सगळी कवाडे एकदम अडू लागतात. मग फरशीवाल्याचाच माणूस दगड कापायचे यंत्र हातात घेऊन, दार चौकटीतच अर्धे उघडे ठेवून, तळ कापून टाकतो. त्या कापात कारखान्यात तळाला लावलेली भरीव लाकडाची पट्टी पातळ होते किंवा पूर्ण जाते, आतला गाभा उघडा पडतो, आणि त्याच दिवशी संध्याकाळी नव्या फरशीवरून पहिले ओले फडके फिरते. कवाड अशा वेळी बिजागऱ्यांवरून उतरवून, आडवे ठेवून, तळाला किती भरीव लाकूड आहे हे पाहून कापायचे असते; कापलेल्या कडेला त्याच दिवशी प्रायमर आणि रंगाचे दोन हात, वाळण्याला पुरेसा वेळ देऊन, आणि भरीव पट्टी गेली असेल तर सागाची नवी पट्टी जलरोधक चिकटव्याने बसवून, मगच ते पुन्हा टांगावे. हे काम फरशी सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात उरकता येते, कारण नवी उंची किती येणार हे तोवर दुकानातल्या फरशीच्या खोक्यावर छापलेल्या जाडीवरून कळलेले असते.